खाजगी व्यक्तीकडून अटक

पोलीस अधिकारी किंवा दंडाधिकारी नसलेल्या व्यक्तीने, न्यायालयाच्या अधिपत्रावाचून, गुन्हा करणाऱ्या इसमास पकडून पोलिसांच्या स्वाधीन करण्याची क्रिया. इंग्लंड-अमेरिकेत ती ‘सिटिझन्स अरेस्ट’ म्हणजे ‘नागरिकाने केलेली अटक’ या नावाने ओळखली जाते. मात्र तिचा नागरिकत्वाशी संबंध नाही. देशात तात्पुरता आलेला परदेशी प्रवासीही तो अधिकार वापरू शकतो. भारतीय कायद्याने ‘खाजगी व्यक्ती’ हाच शब्द योजिला आहे व तो अधिक अचूक आहे. अटक म्हणजे माणसाच्या स्वातंत्र्याचा बळाने केलेला संकोच. तो करण्याचा अधिकार सामान्यतः राज्यसंस्थेकडे असतो. खाजगी व्यक्तीस दिलेला अधिकार हा त्या नियमाचा अपवाद होय आणि म्हणूनच त्याच्या मर्यादा काटेकोर आहेत. या मर्यादांचा इतिहास पाहिला असता त्यात एकच प्रश्न पुनःपुन्हा उद्‌भवलेला दिसतो. माणसाने स्वतः पाहिलेल्या गुन्ह्यावरून दुसऱ्यास धरावे, की केवळ संशयावरूनही धरावे, हा तो प्रश्न होय.

प्राचीन व्यवस्था : पोलीस ही स्वतंत्र, पगारी यंत्रणा अगदी अलीकडची आहे. तत्पूर्वी गुन्हेगारास पकडणे हे पीडित व्यक्तीचे, तिच्या आप्तांचे आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांचे काम होते. रोमन लोकांच्या बारा कोष्टकांच्या कायद्यात (इ. स. पू. सु. ४५०) चोरी करताना प्रत्यक्ष सापडलेला चोर आणि मागाहून उघडकीस आलेला चोर असा भेद केलेला होता. रंगेहाथ सापडलेल्या चोरास अधिक कडक शिक्षा असे व रात्री घरात शिरलेल्या चोरास जागीच ठार मारणे वैध मानले जाई. गुन्हा डोळ्यांदेखत घडला असता पीडिताच्या हाती अधिक अधिकार द्यावा, हे तत्त्व येथे स्पष्टपणे आढळते.

भारतीय धर्मशास्त्रातही चोरास पकडण्याचे विवेचन आहे. चोरीचा माल जवळ सापडणे व पावलांचा माग लागणे, ही चोर ओळखण्याची साधने याज्ञवल्क्यस्मृतीत सांगितली आहेत. ज्या गावाच्या शिवेत चोरी घडली अथवा ज्या गावात माग जाऊन थांबला, त्या गावाने नुकसान भरून द्यावे, असाही दंडक तीत आहे. कौटिलीय अर्थशास्त्राच्या कंटकशोधन या अधिकरणात संशय, चोरीचा माल आणि कृत्याची चिन्हे यांवरून चोर कसा धरावा, यासाठी एक स्वतंत्र अध्याय आहे. परंतु तेथे हे काम मुख्यतः राजपुरुषांकडे सोपविलेले आहे. गावाची सामुदायिक जबाबदारी आणि राजाचे अधिकारी अशा दोन यंत्रणा एकत्र नांदत होत्या, असे यावरून दिसते.

मराठी मुलखातील गावगाड्यातही हीच परंपरा टिकून होती. गावच्या बंदोबस्ताची जबाबदारी पाटलाकडे असे. त्याच्या हाताखाली वेसकर महार, रामोशी, जागले व काही भागांत भिल्ल ही मंडळी राखणदारी करीत. गावात चोरी झाली की, राखणदाराने चोराचा माग काढावयाचा. माग दुसऱ्या गावच्या शिवेपर्यंत नेऊन पोहोचविला की, पुढील शोधाची जबाबदारी त्या गावावर पडे. माग लागला नाही, तर नुकसानभरपाईचा बोजा गावावर किंवा राखणदारावर येई. पेशव्यांकडून जिंकलेल्या प्रदेशासंबंधी मौंट स्ट्यूअर्ट एल्‌फिन्स्टनने १८१९ मध्ये सादर केलेल्या अहवालात या व्यवस्थेचे वर्णन आढळते. तिच्यात अटक हे एका व्यक्तीचे साहस नव्हते. ते वतनाशी बांधलेले, ठराविक माणसांनी करावयाचे काम होते. कंपनी सरकारच्या अमलात ही जुनी वतने व हक्क ढासळू लागले. पुरंदर परिसरातील रामोशांच्या असंतोषामागे हक्क हिरावले जाणे हे एक कारण होते आणि त्यांचा नायक उमाजी याला ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यास फाशी देण्यात आले. पिढ्यान्‌पिढ्या चोर धरणाऱ्या जमातीवरच पुढे चोरीचा शिक्का बसावा, हा या इतिहासातील एक विलक्षण विपर्यास होय.

इंग्लंडमधील विकास : आजच्या भारतीय तरतुदीचे मूळ इंग्लंडच्या रूढिप्राप्त कायद्यात (कॉमन लॉ) आहे. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये गुन्हा घडताच पाहणाऱ्याने आरडाओरड करावयाची आणि ती ऐकणाऱ्या प्रत्येकाने हातचे काम टाकून पाठलागात सामील व्हावयाचे, अशी प्रथा होती. तीस ‘ह्यू अँड क्राय’ म्हणत. पहिल्या एडवर्डच्या कारकीर्दीतील विंचेस्टरच्या कायद्याने (१२८५) तिला लेखी स्वरूप दिले. दरोड्याचे गुन्हेगार हजर न केल्यास त्या विभागातील रहिवाशांनी नुकसान भरून द्यावे, पंधरा ते साठ वर्षे वयाच्या पुरुषांनी ऐपतीप्रमाणे शस्त्रे बाळगावीत आणि नगरांचे दरवाजे सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत बंद ठेवावेत, असे त्यात फर्माविले होते. रात्रीच्या पहारेकऱ्यांनी कोणीही परका इसम आढळल्यास त्यास सकाळपर्यंत धरून ठेवावे, अशीही तरतूद त्यात होती. परकेपणा हाच संशयाचा आधार मानण्याची ही वृत्ती पुढील काळातही वेगवेगळ्या रूपांत प्रकट होत राहिली.

अठराव्या शतकापर्यंत इंग्रज न्यायविदांनी या अधिकाराची बांधणी पक्की केली. विल्यम ब्लॅकस्टनच्या ‘कॉमेंटरीज’ या ग्रंथानुसार (१७६५–६९) आपल्यासमोर घोर अपराध घडत असता अपराध्यास धरणे हे प्रत्येक खाजगी व्यक्तीचे केवळ हक्काचे नव्हे, तर कर्तव्याचे काम होते व त्यात हयगय करणारा दंडास पात्र होई. मात्र याच काळात खाजगी अटकेची एक काळी बाजूही उघड झाली. दरोडेखोरास पकडून शिक्षा घडवून आणणाऱ्यास ४० पौंडांचे इनाम देण्याचा कायदा १६९२ मध्ये झाला आणि त्यातून ‘थीफ-टेकर’ म्हणजे इनामासाठी चोर पकडणाऱ्यांचा धंदाच उभा राहिला. त्यांतील सर्वांत कुप्रसिद्ध जोनाथन वाइल्ड हा एकीकडे चोरांच्या टोळ्या चालवी व दुसरीकडे त्यांतीलच नकोशी माणसे न्यायालयाच्या हवाली करून इनाम मिळवी. १७२५ मध्ये त्याला फाशी झाली. १७५४ मध्ये इनामासाठी निरपराध तरुणांना गुन्ह्यात गुंतविणारी आणखी एक टोळी उघडकीस आली. अशा अनुभवांमुळे नियमित पोलीसदलाच्या मागणीस बळ मिळाले आणि १८२९ मध्ये लंडनचे महानगर पोलीसदल स्थापन झाले.

पोलीसदल आल्यानंतर खाजगी व्यक्तीचा अधिकार नष्ट झाला नाही, पण त्याचे स्वरूप बदलले. पोलिसाने वाजवी संशयावरून अटक केली व पुढे तो संशय खोटा ठरला, तरी कायदा त्याला संरक्षण देई. खाजगी व्यक्तीस ते संरक्षण नव्हते. ‘वॉल्टर्स वि. डब्ल्यू. एच. स्मिथ अँड सन’ (१९१४) या खटल्यात हा भेद निर्णायक ठरला. पुस्तके विकणाऱ्या पेढीने आपल्या एका नोकरास चोरीच्या संशयावरून अटक करविली होती. संशय वाजवी होता, तरीही ज्यूरीने त्याला निर्दोष ठरविले. तेव्हा गुन्हा प्रत्यक्षात घडलाच नसल्याने खाजगी व्यक्तीने केलेली अटक बेकायदा ठरते, असा निर्णय होऊन नोकरास नुकसानभरपाई मिळाली. ‘क्राउन वि. सेल्फ’ (१९९२) या खटल्यात हेच तत्त्व पुन्हा दिसले. दुकानातून चॉकलेट चोरल्याच्या आरोपावरून पाठलाग करून धरलेल्या इसमाने झटापट केली होती. तो चोरीतून निर्दोष सुटल्याने, त्यास धरण्याचा अधिकारच कोणास नव्हता आणि म्हणून अटकेस विरोध करण्यासाठी हल्ला केल्याचा गुन्हाही टिकत नाही, असे अपील न्यायालयाने ठरविले. इंग्लंड व वेल्समध्ये आज हा अधिकार १९८४ च्या पोलीस व फौजदारी पुरावा अधिनियमातील कलम २४ क नुसार चालतो. हे कलम २००५ च्या अधिनियमाने घातले गेले. त्यानुसार गुन्हा गंभीर वर्गातील असावा, पोलिसाने अटक करणे त्या वेळी व्यवहार्य नसावे आणि इजा, मालमत्तेचे नुकसान किंवा पलायन टाळण्यासारखे कारण असावे लागते.

भारतातील तरतुदी : ब्रिटिश भारतात पहिली फौजदारी प्रक्रिया संहिता १८६१ मध्ये झाली. पुढील १८८२ व १८९८ च्या संहितांत खाजगी व्यक्तीने करावयाच्या अटकेची तरतूद कलम ५९ मध्ये होती. आपल्या ‘दृष्टीसमोर’ अजामीनपात्र व दखलपात्र गुन्हा करणाऱ्यास अथवा उद्‌घोषित अपराध्यास कोणीही खाजगी व्यक्ती अटक करू शकेल, असे तिचे स्वरूप होते. इंग्रजी कायद्यातील संशयाचा भाग येथे मुळातच गाळलेला होता. १९७३ च्या संहितेत ही तरतूद कलम ४३ म्हणून आली व ‘दृष्टीसमोर’ याऐवजी ‘उपस्थितीत’ असा शब्दप्रयोग झाला. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत (२०२३) तीच तरतूद कलम ४० मध्ये आहे. तीत एक महत्त्वाची भर पडली. पूर्वी ‘अनावश्यक विलंब न लावता’ पोलिसांच्या हवाली करावे, एवढेच म्हटले होते. आता विलंब न लावता आणि कोणत्याही परिस्थितीत अटकेपासून सहा तासांच्या आत, अशी कालमर्यादा घातली आहे. पोलीस अधिकारी जवळ नसेल, तर धरलेल्या इसमास सर्वांत जवळच्या पोलीस ठाण्यात न्यावे लागते.

या तरतुदीत तीन अटी अनुस्यूत आहेत. पहिली, गुन्हा अटक करणाऱ्याच्या उपस्थितीत घडलेला असला पाहिजे. गुन्हा घडताच लगोलग केलेला अखंड पाठलाग सामान्यतः यात धरला जातो. पण दुसऱ्याकडून ऐकलेली हकीकत, मागाहून आलेला संशय किंवा दुसऱ्या दिवशी पटलेली ओळख पुरेशी होत नाही. दुसरी, गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असा दोन्ही असला पाहिजे. तिसरी, धरलेल्या इसमास विनाविलंब हवाली केले पाहिजे. उद्‌घोषित अपराध्याच्या बाबतीत मात्र पहिल्या अटीची गरज नसते, कारण तेथे न्यायालयाने रीतसर उद्‌घोषणा केलेली असते. भिंतीवर लागलेले छायाचित्र किंवा लोकांतील बोलवा म्हणजे उद्‌घोषणा नव्हे.

दुसरी अट सर्वसामान्य माणसाच्या समजुतीस अनेकदा धक्का देणारी आहे. खून, बलात्कार, दरोडा, जबरी चोरी, रात्रीची घरफोडी हे गुन्हे दोन्ही वर्गांत मोडतात. भारतीय न्याय संहितेने (२०२३) स्वतंत्र गुन्हा म्हणून गणलेली हिसकावणी, म्हणजे गळ्यातील साखळी किंवा हातातील पिशवी हिसकावून पळणे, हीही दखलपात्र व अजामीनपात्र आहे. परंतु निष्काळजीपणाने वाहन चालवून एखाद्याचा मृत्यू घडविणे हा गुन्हा दखलपात्र असला, तरी त्याच्या मूळ स्वरूपात जामीनपात्र आहे. अपघाताच्या जागी जमाव सामान्यतः चालकास धरतो. पण केवळ त्या गुन्ह्यासाठी खाजगी व्यक्तीस अटकेचा अधिकार या कलमाने मिळत नाही. साधी दुखापत, साधा गृहप्रवेश, शिवीगाळ यांचेही तसेच. चोरीच्या बाबतीत नव्या कायद्याने आणखी एक भेद आणला आहे. पाच हजार रुपयांहून कमी किमतीच्या मालाची पहिल्यांदाच चोरी करणाऱ्याने माल अथवा त्याची किंमत परत केल्यास त्यास समाजसेवेची शिक्षा सांगितली असून अशी चोरी अदखलपात्र व जामीनपात्र वर्गात दाखविली आहे. बाजारात एखादी किरकोळ वस्तू उचलताना सापडलेल्या इसमाच्या बाबतीत धरणाऱ्याचा अधिकार त्यामुळे वादग्रस्त ठरू शकतो. कारण त्या इसमाने पूर्वी गुन्हा केला आहे की नाही, हे धरणाऱ्यास त्या क्षणी कळण्याचा मार्ग नसतो.

पोलिसांच्या हवाली केल्यानंतर अटकेची फेरतपासणी होते. पोलिसाला स्वतः अटक करता येईल असे सबळ कारण दिसल्यास तो त्या इसमास पुन्हा अटक करतो. अदखलपात्र गुन्ह्याचा संशय असून तो इसम नाव व पत्ता सांगण्यास नकार देत असेल, तर त्यासंबंधीच्या वेगळ्या तरतुदीनुसार कारवाई होते. गुन्हा घडल्याचे पुरेसे कारणच नसेल, तर त्यास तत्काळ सोडून द्यावे लागते. अटकेची कारणे सांगणे, आप्तांना कळविणे, चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करणे ही घटनेच्या अनुच्छेद २२ मधील व इतर कायद्यांतील संरक्षणे प्रत्यक्षात मिळू लागतात ती पोलीस ठाण्यात पोहोचल्यानंतर. त्यापूर्वीचा काळ हा धरलेल्या माणसाच्या दृष्टीने सर्वांत असुरक्षित असतो. सहा तासांची मर्यादा घालण्याचे महत्त्व यामुळेच आहे.

खाजगी व्यक्तीने स्वतः होऊन अटक करणे ऐच्छिक आहे. ती केली नाही म्हणून शिक्षा होत नाही. याउलट, एखाद्या गुन्हेगारास पकडताना पोलीस अधिकाऱ्याने किंवा दंडाधिकाऱ्याने वाजवी साहाय्य मागितले असता ते देणे प्रत्येकास बंधनकारक असून जाणूनबुजून नाकारणे हा गुन्हा ठरतो. काही गंभीर गुन्ह्यांची माहिती पोलिसांना कळविणे हेही कर्तव्य आहे. महाराष्ट्रात मुलकी पाटलाचे वंशपरंपरागत पद १९६२ च्या अधिनियमाने रद्द झाले आणि महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ अन्वये नियुक्त होणारा पोलीस पाटील गावपातळीवर हे काम पाहतो. तो या अर्थाने खाजगी व्यक्ती नसून त्याला कायद्याने नेमून दिलेली कर्तव्ये आहेत.

बळाचा वापर व जबाबदारी : अटक करताना शरीरास प्रत्यक्ष स्पर्श करावा लागतो अथवा त्या इसमाने शब्दाने वा कृतीने स्वतःस स्वाधीन करावे लागते. त्याने प्रतिकार केल्यास आवश्यक ती साधने वापरता येतात. परंतु मृत्युदंड किंवा आजन्म कारावास या शिक्षेस पात्र अशा गुन्ह्याचा आरोप नसलेल्या व्यक्तीचा मृत्यू घडविण्याचा अधिकार या तरतुदीतून मिळत नाही. पलायन रोखण्यास लागेल त्याहून अधिक बंधन घालता येत नाही. धरलेल्या इसमास खांबाला बांधणे, मारहाण करणे, त्याची धिंड काढणे किंवा त्याच्याकडून कबुली वदवून घेणे यांपैकी काहीही अटकेच्या अधिकारात बसत नाही. स्वसंरक्षणाचा हक्क हा याहून वेगळा असून तो हल्ल्याचा धोका टिकून असेपर्यंतच चालतो. हल्लेखोर कह्यात आल्यावर तो संपतो.

अटक अवैध ठरल्यास धरणारा स्वतःच आरोपी होऊ शकतो. एखाद्याला जाण्याच्या दिशेने अडविणे हा गैरनिरोध व त्यास ठराविक मर्यादेत कोंडून ठेवणे हा गैरपरिरोध होय. भारतीय न्याय संहितेनुसार पहिल्यास एक महिन्यापर्यंत साधी कैद अथवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड आणि दुसऱ्यास एक वर्षापर्यंत कैद अथवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. दुखापत झाल्यास त्याचे वेगळे गुन्हे दाखल होतात. शिवाय नुकसानभरपाईचा दिवाणी दावा होऊ शकतो. अवैध अटकेस वाजवी प्रतिकार करण्याचा हक्कही धरलेल्या माणसास मिळतो. त्यामुळे झटापटीत कोणाची बाजू कायद्याची आहे, हे पुष्कळदा मागाहूनच ठरते. सद्‌भावनेने व वस्तुस्थितीच्या चुकीमुळे, आपणास कायद्याचा आधार आहे असे समजून केलेल्या कृत्यास संहितेत बचाव आहे. तथापि कायद्याचे अज्ञान हा बचाव नव्हे. आपण पाहिलेला इसम हाच, अशी खरीखुरी चूक झाली, तर तो बचाव मिळू शकतो; जामीनपात्र गुन्ह्यासाठीही आपण अटक करू शकतो, अशा समजुतीस तो मिळत नाही.

इतर देशांतील स्थिती : यूरोप खंडातील बहुतेक देशांत उघड गुन्ह्यातील अपराध्यास कोणीही धरू शकतो, असे तत्त्व आहे. फ्रान्सच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ७३ अन्वये कारावासाच्या शिक्षेस पात्र अशा उघड गुन्ह्यातील इसमास धरून जवळच्या पोलीस अधिकाऱ्यापुढे नेता येते. जर्मनीच्या संहितेतील कलम १२७ ही असेच आहे. कॅनडात २००९ मध्ये टोराँटोतील एका दुकानदाराने, आपल्या दुकानातून चोरी करून गेलेला व सुमारे तासाभराने परत आलेला इसम धरून बांधून ठेवला, तेव्हा दुकानदारावरच खटला भरण्यात आला. चोरी चालू असतानाच अटक करण्याची मुभा मालकास तेव्हा होती. दुकानदार २०१० मध्ये निर्दोष ठरला व २०१२ च्या अधिनियमाने, पोलिसांनी अटक करणे व्यवहार्य नसल्यास, चोरीनंतर वाजवी कालावधीत धरण्याची मुभा मालमत्तेच्या मालकास मिळाली.

अमेरिकेतील जॉर्जिया राज्याचा अनुभव याच्या नेमका उलट आहे. तेथील १८६३ च्या कायद्यानुसार घोर अपराध करून पळणाऱ्यास खाजगी व्यक्ती वाजवी संशयावरूनही धरू शकत असे. २३ फेब्रुवारी २०२० रोजी त्या राज्यात रस्त्याने धावण्याचा व्यायाम करणाऱ्या एका पंचवीस वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणाचा तीन गोऱ्या इसमांनी मोटारींतून पाठलाग केला व त्यांपैकी एकाने त्यास गोळी घालून ठार केले. परिसरातील चोऱ्यांच्या संशयावरून आपण त्याला नागरिक या नात्याने अटक करीत होतो, असा बचाव त्यांनी केला. ज्यूरीने नोव्हेंबर २०२१ मध्ये तिघांनाही खुनाबद्दल दोषी ठरविले. तत्पूर्वीच, मे २०२१ मध्ये, राज्याने तो जुना कायदा बहुतांशी रद्द केला व दुकानदारांसारख्या काही मर्यादित वर्गांपुरतीच मुभा ठेवली. यादवी युद्धाच्या काळात, गुलामगिरी चालू असताना झालेला हा कायदा दीडशेहून अधिक वर्षे टिकला होता.

संशय आणि जमाव : भारतीय कायद्याने संशयास आधार दिला नसला, तरी समाजव्यवहारात संशयावरून धरण्याची प्रथा मोडलेली नाही. तिला एके काळी कायद्याचेच पाठबळ होते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमाती जन्मतःच गुन्हेगार मानल्या. १९११ च्या कायद्याने ही व्यवस्था सर्व ब्रिटिश भारतात, म्हणून मुंबई इलाख्यातही, लागू करता येऊ लागली. नोंद झालेला इसम नेमून दिलेल्या हद्दीबाहेर आढळल्यास त्याला गावचा मुखिया किंवा राखणदारही अधिपत्रावाचून धरू शकत असे. येथे गुन्हा पाहण्याची गरजच उरली नव्हती. माणूस कोण आहे, एवढेच पाहावयाचे होते. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला व या जमाती विमुक्त म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. गावोगाव फिरणाऱ्या भटक्या माणसांविषयीचा संशय मात्र त्याबरोबर संपला नाही.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना मुले पळविणारे समजून जमावाने मारून टाकले. हा समाज महाराष्ट्रातील भटक्या जमातींपैकी आहे. मृतांपैकी बहुतेक व्यक्ती सोलापूर जिल्ह्यातील होत्या. मुले पळविणाऱ्या टोळ्या फिरत असल्याच्या अफवा त्या दिवसांत भ्रमणध्वनीवरील संदेशांतून पसरल्या होत्या. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू व त्यांचा वाहनचालक यांचा अशाच अफवेतून जमावाने बळी घेतला. पहिल्या घटनेत त्या पाच जणांना गावकऱ्यांनी आधी ग्रामपंचायतीच्या खोलीत आणले होते. धरून पोलिसांची वाट पाहणे एवढेच घडले असते, तरीही ती अटक बेकायदाच ठरली असती, कारण कोणताही गुन्हा कोणाच्या समोर घडला नव्हता. पण निदान माणसे वाचली असती. खाजगी अटकेचा खरा धोका या ठिकाणी दिसून येतो. एकदा माणूस जमावाच्या हाती सापडला की, धरणे व शिक्षा करणे यांतील अंतर फार थोडे उरते.

सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलै २०१८ रोजी ‘तहसीन पूनावाला वि. भारत सरकार’ या प्रकरणात जमावाच्या हिंसेविरुद्ध विस्तृत निदेश दिले. प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षकाहून कमी नसलेल्या दर्जाचा समन्वय अधिकारी नेमावा, अफवांस आळा घालावा, पीडितांसाठी भरपाईची योजना आखावी, असे त्यांचे स्वरूप होते. कायदा हातात घेण्याचा अधिकार कोणत्याही व्यक्तीस वा गटास नाही, हे त्या निर्णयाचे सूत्र होते. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३ (२) मध्ये वंश, जात, जन्मस्थान, भाषा यांसारख्या कारणांवरून पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलेल्या खुनास मृत्युदंड किंवा आजन्म कारावासाची शिक्षा प्रथमच स्वतंत्रपणे सांगितली आहे.

मूल्यमापन : खाजगी व्यक्तीचा अटकेचा अधिकार कालबाह्य झाला असून तो रद्द करावा, असा एक विचारप्रवाह आहे. नियमित पोलीसदल, दूरध्वनी आणि तातडीच्या मदतीची व्यवस्था असताना सामान्य माणसाने जीव धोक्यात घालू नये व दुसऱ्याचाही घालू नये, असे त्या पक्षाचे म्हणणे. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, पोलीस सर्वत्र व सर्वकाळ असू शकत नाहीत. दूरच्या वाडीवस्तीवर, चालत्या रेल्वेत किंवा रात्रीच्या घरफोडीच्या वेळी हा अधिकार नसेल, तर गुन्हा पाहणारा माणूस हतबल होईल. चोरास धरणारा शेजारी हा स्वतःच गुन्हेगार ठरणे न्यायाला धरून होणार नाही. भारतीय संहितांनी या दोहोंमधील मार्ग स्वीकारला आहे. अधिकार ठेवला, पण तो डोळ्यांपुरता मर्यादित केला. संशयाचा अधिकार राज्याकडे राखला आणि त्याबरोबर त्या संशयाबद्दल जाब देण्याची जबाबदारीही राज्यावरच टाकली. या मर्यादेमागे मोठा अनुभव आहे. विंचेस्टरच्या कायद्यातील परका, इनामासाठी गुंतविलेला तरुण, नोंदवहीतील जमातीचा माणूस आणि राईनपाड्यातील भिक्षेकरी यांच्यापैकी कोणालाही गुन्हा करताना कोणी पाहिले नव्हते. प्रत्यक्ष पाहिलेला गुन्हा, त्याच क्षणी केलेला हस्तक्षेप, गरजेपुरते बळ आणि शक्य तितक्या लवकर पोलिसांकडे सुपूर्दगी, या चौकटीतच हा अधिकार वैध राहतो. तीपैकी एक बाजू ढळली की, अटक करणारा आणि अटक झालेला यांच्या जागा कायद्याच्या दृष्टीने बदलू शकतात.